आठ वॅटांत सावनेर

८ सप्टें., सोमवार

आज पुन्हा सही केली. 'रुग्ण स्वतःच्या मर्जीने वेळेआधी उपचार थांबवत आहे...' तो कागद आता पाठ झाला. डायलिसिस चार तासांचं. हे उठून बसले दोन तास पस्तीस मिनिटांनी. डाव्या दंडात सुया तशाच, उजव्या हाताने चादर फेकली.
"काढा. मले घरी जाऊ द्या."
सिस्टर म्हणाली, काका अजून दीड तास आहे.
"मग तू झोप इथं दीड तास. मी नाई."
अंगातलं पाणी काढायचं होतं तीन किलो, निघालं पावणेदोन. बाकीचं सोबत घेऊन ऑटोत बसलो.
डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "काकू, मागच्या महिन्यात दम लागला होता तेव्हा कसं आणलं ते आठवतं ना? असंच अर्धवट सोडत राहिले तर..." पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीही लिहीत नाही.
आठवड्यातून तीन वार, सोम बुध शुक्र. धंतोलीच्या दवाखान्यात तोच जिना, तोच बेड.
घरी आल्यावर विचारलं, अहो तुम्हाला चार तास निजून राहायला होतं काय? म्हणाले, "बारा-बारा तास बसलो वं मी सीटवर. पण ती सीट चालत होती ना."
एकतीस वर्षं लाल बस चालवली.

१० सप्टें., बुध

२ ता. ५० मि. सही.
शेजारच्या बेडवर मेश्राम मॅडम असतात. सावनेरच्या शाळेत हेडमॅडम होत्या, रिटायर झाल्या. तिथून बसने येतात, भाची सोबत. चार तास पुस्तक छातीवर उघडं ठेवून शांत. आज ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, माझ्या शाळेत असते तुम्ही, तर बाकावर उभं केलं असतं."
हे म्हणतात, "करा ना मॅडम उभं. उभ्या माणसाले पळता येते."
सिस्टर पण हसली. पण सही करावीच लागली.
सोनूचा पुण्याहून फोन. "आई, बाबांना आवडतं काय काय?"
म्हटलं गाडी चालवणं.
"दुसरं?"
दुसरं काही सुचलं नाही. पोरगी म्हणाली, "मी काहीतरी पाठवते. किंमत विचारशील तर फोन ठेवून देईन."
नाही विचारली.

१३ सप्टें., शनि

पार्सल आलं. मला वाटलं औषधाची पेटी. आत काळा पाट्यासारखा एक कॉम्प्युटर, दोन्ही हातांत धरायचा. मधात पडदा, दोन्ही बाजूंनी बटणं आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन गुंड्या. सोनू फोनवर म्हणाली, यात टेबलावरच्या कॉम्प्युटरचं सगळं आहे. सगळं? म्हणे सगळं.
ह्यांनी पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "लेकराईचं खेळणं आणलं माह्यासाठी."
सो.ने फोनवरून मला एकेक बटण सांगितलं. दहावीला मला गणितात चांगले मार्क होते, पण दोनदा चुकीचंच बटण दाबलं. मग एकदम आवाज आला. बसचा. इंजिन सुरू होताना जसं आधी कण्हते आणि मग धरते, तस्सा.
हे वळले.
बसचा गेम आहे. परदेशातला कुठलातरी डोंगराळ रस्ता. आत स्टिअरिंग, काचेवर वायपर, मागे पॅसेंजर बसलेले. ह्यांनी हातात घेतलं, आणि सगळ्यात आधी काय केलं? आरसा पाहिला. डावा, मग उजवा. मला म्हणाले, "आरसा बरोबर आहे." तोवर गाडी हालवली नव्हती.
मी पदराने डोळे पुसले. ह्यांना दिसलं नाही, ते रस्ता पाहून राहिले होते.

१४ सप्टें., रवि

आज घरीच परीक्षा घेतली. चार तास चालतं की नाही. मी घड्याळ लावून बसले, हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं: सुरू ९.२०, बंद केलं १.३०. चार तास दहा मिनिटं. एकदाही थांबलं नाही, चित्र लोण्यासारखं. मधात जेवायला पण उठले नाहीत, घास मी भरवला. अंगणात मांजर आलेली त्यांना दिसली नाही, पण गेममधल्या रस्त्यावर गाय आडवी आली तर हॉर्न दिला.
उद्या पाहू. देवीपुढे मशीन ठेवून काढलं.

१५ सप्टें., सोम

लिहायला लाज वाटते.
मशीन नेलं. सिस्टरने विचारलं तर सांगितलं, कोपर वाकवणार नाहीत, फक्त बोटं. ती म्हणाली मग चालेल. मांडीवर उशी, उशीवर मशीन. मॅडमने पुस्तक मिटून पाहिलं.
गाडी पहिल्यापासूनच हुकत होती. घरी कशी वाहायची, इथे ठेचकाळत. ह्यांचं तोंड उतरलं. "पिकअप नाई." आणि एक तास वीस मिनिटांनी पडदा काळा. मेलं. एकदम.
ह्यांनी मशीन माझ्याकडे दिलं. "काढा."
एक ता. ३५ मि. आजवरचं सगळ्यात कमी. मी सही केली. कागदावर पाण्याचा थेंब पडला तर सिस्टरने दुसरा कागद दिला.

१६ सप्टें., मंगळ

सो.चा फोन.
"आई, रविवारी वायर लावलेली होती का?"
होतीच की. फ्रिजची पिन आपण काढतो का?
ती पाच मिनिटं हसली. मग रडवेली झाली. मग शिकवलं. माझ्यासाठी लिहून ठेवते:
वायर लावली की मशीन भिंतीतून पाहिजे तेवढं खाते. तीस वॅट. वायर काढली की स्वतःच हात आखडते, तरी बॅटरी सव्वा-दीड तासात खलास. म्हणजे घरचं मशीन आणि दवाखान्यातलं मशीन एकच, पण काम दोन तऱ्हेचं.
पडद्याच्या कोपऱ्यात आकडे येतात, ते तिने चालू करून दिले. एक आकडा वॅटचा, एक बॅटरीचा, आणि एक चित्रांचा. ती फ्रेम म्हणते. गाडी चालताना दिसते ती चालत नसते, एका सेकंदात साठ चित्रं काढून पुसतात. साठ! मी एक म्हणेपर्यंत साठ वेळा रस्ता, झाडं, आरसा, आरशातला माणूस, सगळं नव्याने काढलं आणि पुसलं. मी फोन धरून देवघरासमोर उभी राहिले. म्हटलं आई, हे तुझंच काम असं वाटायचं मला.
वायर काढली की कधी पंचेचाळीस, कधी पंचवीस. म्हणून हुकते.

१७ सप्टें., बुध

दवाखान्यात पिन लावू का विचारलं. सिस्टर म्हणाली, काकू त्या पॉइंटवर काकांचंच मशीन आहे, डायलिसिसचं. त्यात दुसरं काही लावायचं नाही. बरोबरच आहे तिचं. मी पुन्हा विचारणार नाही.
शेजारणीने मोबाईलची पॉवर बँक दिली होती. लावली. पडद्यावर आलं, चार्जर कमी ताकदीचा. थोडा वेळ वाढला, हुकणं तेच.
२ ता. २० मि. सही.

२१ सप्टें., रवि

उद्या घट. सकाळपासून वाती वळत बसले. आणि एकदम लक्षात आलं.
लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात अखंड ज्योत मी लावली होती. चांगली जाड वात, मोठी ज्योत, घरभर उजेड. दुपारपर्यंत तेल अर्धं. सासूबाई रागावल्या नाहीत. चिमट्याने वात मागे ओढली. म्हणाल्या, तांदळाच्या दाण्याएवढीच बाहेर ठेव. ज्योत लहान झाली, पण हलेना. नऊ दिवस तशीच राहिली.
आम्ही सगळे तेल वाढवायला पाहून राहिलो. पिन, पॉवर बँक.
सो.ला फोन लावला. "काय गं, त्याची वात खाली ओढता येते का?"
"काय?"
सांगितलं. ती म्हणाली, "येते आई. वॅट आपल्या हाताने बांधून देता येतात. आणि चित्रं पण. माझ्या डोक्यात आलंच नाही, मी तुम्हाला भारी दिसावं म्हणूनच..."
तिनेही जाड वातच लावली होती. माझीच पोरगी.
आता वायर काढून, ह्यांना घेऊन बसते. रविवार पुरायचा नाही.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना

पहाटे घट बसवले. ज्योत लावली. तांदळाएवढी.
कालचं: पंचवीस वॅट, १ ता. २० मि. पंधरा वॅट, २ ता. १० मि.
आज दवाखान्यात बारा वॅटवर. २ ता. ४० मि. चाललं. हे त्यानंतरही पंचवीस मिनिटं निजून राहिले. ३ ता. ५! माझी सही झाली, पण सिस्टर म्हणाली, काका आज तीनच्या वर गेले.
हुकणं मात्र आहे. ह्यांचं म्हणणं, "अशी गाडी डेपोत परत लावून देईन मी."

२३ सप्टें., मंगळ

आज ह्यांनी मला शिकवलं.
मी आठ वॅटवर बांधलं. चित्रं कधी चाळीस, कधी अठ्ठावीस. ठेचा लागत होत्या. मी म्हटलं आता काही होत नाही. हे कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहून राहिले होते. म्हणाले, "अवं, हा वर-खाली काहून होऊन राहिला?"
म्हटलं जमेल तेव्हा जास्त काढते, नाही जमलं की कमी.
"तेच चुकते. नवा ड्रायव्हर असाच चालवते. मोकळा रस्ता दिसला की दाबते, मग ब्रेक. पॅसेंजरच्या पोटातलं हालते आणि डिझेल जाते. एकसारखी चालव म्हणा त्याले. कमी चालंल, पण एकसारखी."
सो.ला सांगितलं. तिने तीस वर बांधायला सांगितलं. सेकंदाला तीस चित्रं, वर जाऊ द्यायचंच नाही. सावल्या बंद. ओल्या रस्त्यात दिव्यांची चमक दिसते ती बंद. पडद्याचा उजेड निम्मा.
आणि गाडी चालली. वायर लावल्यासारखी लोणी नाही, पण हुकणं गेलं. मशीनच्या आतल्या पंख्याचा आवाज पण बंद झाला, म्हणजे हाताला वाराच लागेना.
हे म्हणाले, "डिझेल वाचवणं मले शिकवते काय कोणी. डेपोच्या फळ्यावर ॲव्हरेजमध्ये पहिलं नाव कोणाचं राहे?"
म्हटलं तुमचंच.
"मंग."
किती दिवसांनी 'मंग' ऐकलं.

२४ सप्टें., बुध

३ ता. ४०. बॅटरी होती, ह्यांचाच पाय आखडला. सही. पण डॉक्टरांनी स्वतः येऊन गेममधली बस पाहिली.

२६ सप्टें., शुक्र

चार तास.
पूर्ण चार तास. सही नाही केली. सिस्टरने तो कागद काढून ठेवला होता, तो तिने परत फाईलमध्ये ठेवला. पाणी तीन किलो काढायचं होतं, तीन किलो निघालं. जिना उतरताना हे थांबले नाहीत.
बॅटरीत दहा मिनिटं उरली होती.
घरी आल्यावर देवघरातला बल्ब काढून पाहिला. नऊ वॅट लिहिलं आहे. नऊ! त्यात देवीचं तोंड दिसते आणि कुंकवाची डबी. आणि त्या आठात? डोंगर, त्याच्या पायथ्याची नदी, नदीवरचा पूल, पुलावरून जाणारी बस, बसमधला चष्मा घातलेला म्हातारा, जो खिडकीतून बाहेर पाहतो. सेकंदाला तीस वेळा. सो. म्हणाली, आई पडद्याचे चारेक वेगळे धर. धरले. तरी ट्यूबलाइटपेक्षा कमी.
कोराडीला आईच्या देवळातून विजेच्या कारखान्याची धुराडी दिसतात. लहानपणापासून पाहते, कधी काही वाटलं नाही. आज वाटलं. सावनेरकडच्या खाणीतून कोळसा येतो, तिथे जळतो, तारांतून आमच्या भिंतीत येतो, ह्या पाट्यात साठतो, आणि शेवटी माझ्या नवऱ्याच्या अंगठ्याखाली रस्ता होतो. आणि तो चार तास निजून राहतो.
माझी बुद्धी इथे संपते. हात जोडले.

३ ऑक्टो., शुक्र

काल दसरा. दर दसऱ्याला हे डेपोत जाऊन गाडीला हार घालायचे. रिटायर झाल्यावर चार वर्षं घरी बसून. काल मशीन पाटावर ठेवलं. झेंडूचं एक फूल, हळदीकुंकवाचं बोट मागच्या बाजूला. फोनवरून सो. ओरडली, "आई, जाळीत नको! तिथून श्वास घेते ते!" श्वास. मग कोपऱ्याला लावलं.
संध्याकाळी ह्यांनी वायर लावली. सगळ्या गाठी सोडल्या, तीस वॅट. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. गेममध्ये पाऊस होता. काचेवरचा प्रत्येक थेंब वेगळा घसरत होता, आणि थेंबात समोरच्या गाडीचा लाल दिवा. थेंबात! पंखा घोंघावत होता, पाठ तव्यासारखी गरम.
विचारलं, दवाखान्यात हे दिसत नाही म्हणून वाईट वाटते?
"नाई. ते ड्युटी आहे. हे सुट्टीतलं."
आज चार तास झाले. मॅडम म्हणाल्या, काल दीक्षाभूमीला घरचे सगळे गेले, ह्या पहिल्यांदाच गेल्या नाहीत, गर्दी झेपत नाही. मग ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, मला पण बसवा तुमच्या गाडीत. रोज नुसता आवाज ऐकून राहिली."
ह्यांनी मशीन त्यांच्याकडे तिरकं केलं. परदेशातल्या थांब्यांची नावं वाचता येत नाहीत, म्हणून ह्यांनी आपली ठेवली आहेत. तळ्याकाठचं कोराडी. चर्चजवळचं पाटणसावंगी. उतरण संपली की सावनेर.
"सावनेर एक," मॅडम म्हणाल्या.
"पास आहे का?"
"भाऊ, हेडमॅडम आहे मी."
"मंग हाफ देतो."

१० नोव्हें., सोम

रोजचं तेच, म्हणून लिहिणं कमी झालं. सहीचा कागद कुठे ठेवला ते सिस्टरला शोधावं लागेल. वजन बरोबर. दम नाही. मी देवीला बोलले होते ते फेडून आले.
आज हे मॅडमला सांगत होते, एकदा सावनेरच्या पुढे गाडी बंद पडली होती. दुसरी गाडी आली, पॅसेंजर तिच्यात गेले, कंडक्टर गेला. हे तिथेच. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला.
मॅडम: "तुम्ही काहून नाही गेले?"
"गाडी सोडून ड्रायव्हर जात नसते, मॅडम."
मला माहीत होतं. डबा घेऊन मीच गेले होते. सोनू पोटात होती. पण ते त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही.

२६ डिसें., शुक्र

वहीत मागची पानं चाळली. मी रोज लिहिते: बॅटरी किती तास पुरली असती. सप्टेंबरात चार तास दहा. दिवाळीनंतर चार तास पाच. गेल्या आठवड्यात चार. आज तीन छप्पन.
बंद पडलं तेव्हा चारच मिनिटं बाकी होती, सिस्टर सुया काढायच्या तयारीत होती, ह्यांना कळलं नाही. मला कळलं.
सो.ला आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, "आई, तू ठेवलं तसं रजिस्टर आमच्या ऑफिसात कोणी ठेवत नाही." मग सांगितलं, बॅटरी झिजते. दर खेपेला पूर्ण भरली, पूर्ण रिकामी केली. आणि मी घरी दिवसभर वायर लावून ठेवते, तेही बॅटरीला मानवत नाही. शंभरावर सतत ठेवायचं नसते म्हणे.
मला वाटायचं भरलेलं ठेवावं. डबे भरलेले असावे घरात, तसं.

७ जाने., बुध

३ ता. ५१. सात वॅट करून पाहिले. हुकते. ह्यांनी मान हलवली, "याच्या खाली नाई." एकदा सासूबाईंनी पण म्हटलं होतं, याच्याहून मागे ओढशील तर विझेल.
सो. म्हणते नवी बॅटरी बसवून मिळते, पण मशीन पुण्याला पाठवावं लागेल. पंधरा दिवस तरी. पंधरा दिवस म्हणजे सहा-सात डायलिसिस. गाडीशिवाय.
ह्यांना सांगितलं नाही अजून.
आज नऊ मिनिटं कमी पडली. मी गप्पा लावल्या. तिळाचं किती आणू, संक्रांत आली. ह्यांनी तीन वेळा घड्याळ पाहिलं. चौथ्यांदा पाहायच्या आत सिस्टर आली. देवा.

१६ जाने., शुक्र

इथेच लिहिते, बेडजवळच्या स्टुलावर.
कालपासून थंडी आहे. सो. म्हणाली थंडीने पण बॅटरी लवकर बसते. मी मशीन येताना शालीत गुंडाळून आणलं होतं. तरी तीन तास चव्वेचाळीसला पडदा काळा झाला. सोळा मिनिटं बाकी.
काळ्या पडद्यात ह्यांचंच तोंड दिसलं ह्यांना. मी पाहिलं. सप्टेंबरातलं तोंड. उजवा हात चादरीवर आला. सिस्टरने फाईलकडे पाहिलं. मी पिशवीत पेन चाचपला. लाज वाटते पण चाचपला.
मॅडम डोळे मिटून होत्या. म्हणाल्या, "भाऊ, गाडी काहून थांबली?"
ह्यांचा हात चादरीवरच.
"भाऊ?"
"बंद पडली, मॅडम."
"मग उतरू का?"
"कुठी उतरता मधात रस्त्यात? पाटणसावंगी गेलं, सावनेर यायचं आहे. बसा ना. ड्रायव्हर बसला आहे ना अजून."
हात चादरीवरून परत गुंडीवर गेला.
थोड्या वेळाने मला: "अवं, डेपोले कळवलं का?"
म्हटलं, कळवलं. पुण्याला. गाडी न्यावी लागेल म्हणतात. पंधरा दिवस.
माझ्या तोंडून निघून गेलं. इतके दिवस दाबून ठेवलं, आणि इथे.
ह्यांनी अंगठ्याने गुंडी फिरवून पाहिली. मशीन हातांतच. मग म्हणाले, "पंधरा दिवस बहुत झाले." हो पण नाही, नको पण नाही.
मॅडम म्हणाल्या, "तोवर तुम्ही मला नुसतं तोंडी न्या, भाऊ. थांबे तर पाठ आहेत तुमचे."
ह्यांनी ऐकलं.
सिस्टर उभी आहे, जवळ आली नाही.
नऊ मिनिटं आहेत अजून. पडद्यावर काही नाही. दोन्ही अंगठे गुंड्यांवर, आणि हे समोर पाहून राहिले. मघा डावा आरसा पाहिला, आता उजवा पाहतात.